चहाच्या कपाशेजारची कादंबरी

दिवसाची कामं उरकल्यावर चहाचा कप घेऊन निवांत बसावं आणि खूण घातलेलं पुस्तक उघडावं, या सुखासाठी जगभरचे वाचक एका विशिष्ट जातीची कादंबरी शोधत असतात. तिच्यात राज्यं उलथत नाहीत, पानोपानी रक्त सांडत नाही. एखादं लहान गाव, नाहीतर मोठ्या शहरातली एखादी गल्ली. तिथली पाच-दहा घरं, एखादं दुकान, एखादं चर्च. कोणाकडे तरी ठरलेलं चहापान आणि त्याला कोणाला बोलावलं, कोणाला वगळलं याची चर्चा. एवढ्या भांडवलावर ती उभी राहते आणि वाचकाला शेवटच्या पानापर्यंत धरून ठेवते. इंग्रजीत या कादंबरीची परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे. अलीकडे जपानी कादंबऱ्यांच्या अनुवादांनी तिला नवे, तरुण वाचक मिळवून दिले आहेत. त्या परंपरेतल्या काही पुस्तकांची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी आणि ती का वाचावीत हे नीट सांगावं, यासाठी ही प्रस्तावना.

नीट सांगण्याची गरज अशासाठी, की या कादंबऱ्यांना एक आरोप कायमचा चिकटलेला आहे. ही वेळ घालवायची पुस्तकं आहेत, जगातल्या दुःखाकडे पाठ फिरवून बसायची सोय आहे, असं म्हटलं जातं. असं म्हणणाऱ्यांनी यातली चांगली पुस्तकं लक्षपूर्वक वाचलेली नसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. या पुस्तकांत बँक बुडते, कर्ता माणूस अपघातात जातो, बाळ दगावतं, नवरा मारझोड करतो, उतारवयात हाती पैसा उरत नाही. मोठमोठ्या शोकांतिकांमधली दुःखं हीच तर असतात. वेगळं असतं ते लेखकाचं लक्ष. घाव बसल्यावर शेजारपाजारची माणसं काय करतात, पडलेल्या माणसाला उठवताना त्याचा मान कसा सांभाळतात, हे तो बारकाईनं पाहत असतो. दुसऱ्याची लाज राखणं हा या कादंबऱ्यांचा खरा विषय आहे, आणि त्यांची ऊब तिथूनच येते.

सुरुवात जेन ऑस्टिनपासून करायला हवी. १८०९मध्ये ती आई आणि बहीण कसँड्रा यांच्यासह हँपशरमधल्या चॉटन या खेड्यात राहायला आली. तिच्या एका भाचीनं पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींत त्या घरातली कामाची वाटणी सापडते. सकाळी नऊची न्याहारी जेनकडे होती, आणि चहा-साखरेचा साठाही तिच्याच ताब्यात असे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात चहावरचा कर भरमसाट वाढला होता. चहा ही जपून वापरायची चीज होती. तो साठा सांभाळत त्या घरात तिनं ‘एमा’ लिहिली आणि १८१५च्या डिसेंबरात ती प्रसिद्ध झाली. त्याच्या आदल्या वर्षी, कादंबरी लिहू पाहणाऱ्या दुसऱ्या एका भाचीला तिनं पत्रातून सल्ला दिला होता, की खेड्यातली तीन-चार कुटुंबं मिळाली की कादंबरीला आणखी काही लागत नाही. या सगळ्या परंपरेचा पाया त्या सल्ल्यात आहे.

‘एमा’तली सर्वांत मोठी घटना म्हणजे एक वाक्य. मिस बेट्स ही दिवंगत पाद्र्याची अविवाहित मुलगी, म्हाताऱ्या आईबरोबर भाड्याच्या खोल्यांत कशीबशी राहते आणि अखंड बोलते. बॉक्स हिल या टेकडीवर सहलीला गेलेली मंडळी एक खेळ मांडतात: प्रत्येकानं एक फार चतुर गोष्ट सांगावी, किंवा दोन बऱ्या, किंवा तीन रटाळ. मिस बेट्स भाबडेपणानं म्हणते, तीन रटाळ गोष्टी मला सहज जमतील. त्यावर गावातली सर्वांत श्रीमंत आणि हुशार मुलगी एमा सगळ्यांदेखत तिला सुनावते, की एका वेळी तीनच म्हणजे तुमची अडचणच होईल. मिस बेट्सला अर्थ कळायला क्षणभर लागतो. कळल्यावर ती रागावत नाही, शरमते. पुढे एमाच्या घरचा जुना स्नेही नाइटली तिला बाजूला घेऊन बोलतो, तेव्हा त्याचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे. ती बाई तुझ्या बरोबरीची असती, तर गोष्ट वेगळी होती. ती गरीब आहे, आणि वय वाढेल तशी आणखी गरीब होणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी एमा तिच्या घरच्या पायऱ्या चढते. खून नाही, पळून जाणं नाही, तरी वाचकाला त्या टेकडीवर श्वास रोखावासा वाटतो. एका गरीब बाईची चारचौघांत लाज गेली, एवढंच घडलेलं आहे आणि ऑस्टिनच्या लेखी ते पुरेसं गंभीर आहे.

चहाच्या कपाशेजारी ठेवायला जगातलं एकच पुस्तक निवडायचं झालं, तर मी एलिझाबेथ गॅस्केलचं ‘क्रॅनफर्ड’ निवडेन. चार्ल्स डिकन्स संपादक असलेल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात ते डिसेंबर १८५१पासून मे १८५३पर्यंत तुकड्यातुकड्यानं आलं. पहिला लेख लिहिताना पुढे काही लिहायचा गॅस्केलबाईंचा विचार नव्हता; वाचकांना गाव आवडलं म्हणून त्या पुन्हा पुन्हा तिथे गेल्या. ज्यावरून क्रॅनफर्ड रचलं, ते चेशरमधलं नट्सफर्ड हे त्यांच्या लहानपणाचं गाव. आई गेल्यावर मावशीनं त्यांना तिथेच वाढवलं होतं. लग्नानंतर त्या मँचेस्टरला आल्या आणि तिथल्या गिरणी कामगारांची उपासमार पाहून १८४८मध्ये त्यांनी ‘मेरी बार्टन’ लिहिली. भूक म्हणजे काय हे ज्या लेखिकेला इतकं जवळून ठाऊक होतं, तिनंच ‘क्रॅनफर्ड’ लिहिलं, हे विसरून चालणार नाही.

क्रॅनफर्डमध्ये बऱ्या घरांत बहुतेक बायकाच राहतात. विधवा, अविवाहित, उतारवयाच्या, बेताच्या उत्पन्नाच्या. पैशाची चणचण सगळ्यांनाच आहे आणि तिचा उच्चार करायचा नाही, असा गावाचा अलिखित नियम आहे. मिसेस फॉरेस्टर आपल्या चिमुकल्या घरात चहाला बोलावते, तेव्हा तिची एकुलती एक पोरसवदा मोलकरीण कोचावर बसलेल्या पाहुण्यांना उठवते, कारण चहाचा ट्रे कोचाखाली ठेवलेला आहे. पाहुण्या अशा काही सहजतेनं उठतात, की जणू सगळीकडे ट्रे कोचाखालीच असतात. यजमानीणबाई दिमाखात बसून आज कोणते केक आलेत हे आपल्याला माहीतच नाही असं दाखवतात. प्रत्यक्षात ते त्यांनी सकाळभर खपून स्वतः केलेले असतात, आणि हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. एका बाईची गाय चुन्याच्या खड्ड्यात पडून तिच्या अंगावरचे केस जातात, तर ती गाईला करड्या फ्लॅनेलचा अंगरखा शिवते, आणि गाव त्या अंगरख्यातल्या गाईला कुरणाकडे जाताना रोज पाहतं. कादंबरीच्या केंद्रस्थानी असलेली उतारवयाची, अविवाहित मिस मॅटी संध्याकाळी दोन मेणबत्त्या मांडून ठेवते, पण जाळते एकच. मात्र अवचित कोणी आलं आणि दोन्ही लावाव्या लागल्या, तर त्या सारख्याच उंचीच्या दिसाव्यात म्हणून ती आलटून पालटून जाळते. हे वाचताना ओठांवर हसू येतं, पण त्या हसण्यात अवहेलनेचा लवलेश नसतो. गॅस्केलबाईंना या बायका मनापासून आवडतात.

आणि मग बँक बुडते. मिस मॅटी रेशमी कापड घ्यायला दुकानात गेलेली आहे. तिथे एक शेतकरी घरच्यांसाठी शाल घेऊन टाउन अँड काउंटी बँकेची पाच पौंडांची नोट पुढे करतो, आणि दुकानदार ती घेत नाही. बँक डबघाईला आल्याची कुणकुण त्याला लागली आहे. मिस मॅटी त्या बँकेची भागधारक आहे. शेतकऱ्याला तिनं त्याआधी कधी पाहिलेलं नाही. ती त्याची नोट मागून घेते आणि कापडासाठी आणलेली सोन्याची पाच नाणी त्याच्या हातावर ठेवते. माझा भाग असलेल्या बँकेचा कागद खोटा ठरत असेल, तर प्रामाणिक माणसाला त्याची झळ लागू नये, एवढंच तिचं गणित. बँक खरोखरच बसते. वर्षाला दीडशे पौंडांच्या आसपास मिळणारं तिचं उत्पन्न जातं; उरतात वर्षाचे तेरा पौंड.

त्यापुढची प्रकरणं मी अनेकांना वाचायला दिली आहेत, आणि ती वाचून कोणी कोरडं राहिल्याचं मला आठवत नाही. मार्था ही मोलकरीण काम सोडायला साफ नकार देते आणि आपल्या गोंधळलेल्या प्रियकराला लगेच लग्नाला उभं करते, कारण संसार मांडला की मिस मॅटीला आपल्या घरात भाडेकरू म्हणून ठेवता येईल. गावातल्या बायका गुपचूप जमतात. प्रत्येकीनं दरसाल किती द्यायचं ते कागदावर लिहून बंद करून द्यायचं, म्हणजे कोणी कमी दिल्याची लाज नको आणि कोणी जास्त दिल्याचा तोराही नको. ती कोचाखालच्या ट्रेवाली मिसेस फॉरेस्टर आपल्या तुटपुंज्या मिळकतीचा विसावा हिस्सा देते आणि एवढंच देता येतं म्हणून खंतावते. हे पैसे कुठून येतात हे मिस मॅटीला कळता कामा नये, अशी सगळ्यांची अट असते. तिला सांगायचं ते एवढंच, की चहाची विक्री करून तू स्वतःच्या पायावर उभी राहू शकशील.

चहाच का, याचं कारणही ठरलेलं आहे. चहा तेलकट नसतो, चिकट नसतो, त्याला मोठी दुकानाची खिडकी लागत नाही. घराच्या बैठकीतच तो विकता येतो. चीनशी व्यापार करण्याची ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी १८३३च्या कायद्यानं संपली होती. मिस मॅटीसारखी एक वृद्ध बाई घरात बसून चहाची एजंट होते, ती अशा खुल्या झालेल्या व्यापारात. तरी दुकान उघडण्याआधी ती गावातल्या जॉन्सन या किराणा दुकानदाराकडे जाऊन विचारते, की माझ्यामुळे तुमच्या धंद्याला धक्का तर लागणार नाही ना? तो तिला अभय देतो, आणि वर आपल्याकडची गिऱ्हाइकं तिच्याकडे पाठवतो, तिच्याकडचा चहा सरस असल्याचं सांगून. मिस मॅटी मात्र हिरवा चहा प्रकृतीला वाईट म्हणून गिऱ्हाइकांना तो घेऊ नका असं विनवते, आणि पोरांना गोळ्या मोजून दिल्यावर वर आणखी घालते. व्यवहाराच्या दृष्टीनं हे दुकान चालायला नको. ते चालतं, कारण सगळं गाव ते चालवायचं ठरवतं.

इथे एक गोष्ट मराठी वाचकानं डोळ्यांआड करू नये. मिस मॅटीचा चहा चीनमधून यायचा. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला तो १८३९च्या जानेवारीत, आणि त्यानंतरही बराच काळ इंग्रजांच्या कपात चीनचाच चहा असे. त्याची किंमत चुकती करण्यासाठी हिंदुस्थानातली अफू चीनला पाठवली जाई, आणि माळव्याची अफू तर मुंबई बंदरातूनच जहाजांवर चढे. मिस मॅटीचा हरवलेला भाऊ पीटर शेवटी परत येतो, तोही हिंदुस्थानातून. क्रॅनफर्डच्या त्या निष्पाप बैठकीचा एक धागा असा आपल्या किनाऱ्याला बांधलेला आहे. तो लक्षात ठेवूनही मला हे पुस्तक थोर वाटतं. गॅस्केलबाईंनी दाखवलेला शेजारधर्म खरा आहे आणि त्याची हद्द गावाच्या वेशीपाशी संपते, हेही खरं आहे. दोन्ही जाणून वाचणारा वाचकच या पुस्तकाला पुरा न्याय देतो.

विसाव्या शतकात या परंपरेची एक शाखा रहस्यकथेकडे गेली. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल कादंबरीत पहिल्यांदा आली ती १९३०च्या ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’मध्ये. सेंट मेरी मीड या खेड्यातली ही विणकाम करणारी म्हातारी गावातल्या लहानसहान लबाड्यांची आठवण ठेवून मोठे गुन्हे उलगडते. खुनी कितीही वरच्या थरातला असो, त्याच्यासारखा माणूस तिनं आपल्या गावात कुठेतरी पाहिलेला असतोच. या शाखेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी इथे रेंगाळत नाही.

रेंगाळायचं ते बार्बरा पिमपाशी. ‘एक्सलंट विमेन’ ही तिची दुसरी कादंबरी १९५२मध्ये आली. ब्रिटनमध्ये चहाचं रेशनिंग १९४० साली सुरू झालं, तेव्हा माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम चहा मिळे. ते रेशनिंग उठलं १९५२च्याच ऑक्टोबरात. कादंबरीतलं लंडन युद्धानं खचलेलं आहे. एका चर्चवर बाँब पडून त्याचा एकच भाग शाबूत उरला आहे आणि लोक त्या भागात प्रार्थनेला जमतात. कथा सांगणारी मिल्ड्रेड लॅथबरी ही तिशी ओलांडलेली, अविवाहित, पाद्र्याची मुलगी. हलाखीत आलेल्या खानदानी बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेत ती अर्धवेळ काम करते. वरच्या-खालच्या बिऱ्हाडांना मिळून एकच न्हाणीघर आहे, आणि तिथल्या टॉयलेट पेपरचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न नव्या शेजाऱ्यांशी पहिल्याच ओळखीत निघतो. मिल्ड्रेडला लोक सारखे बोलावतात: भांडण मिटवायला, सामान बांधायला, चहा करायला. तिला स्वतःला काय हवं आहे, हे फार कमी जणांच्या मनात येतं.

या कादंबरीतला एक प्रसंग मला विलक्षण वाटतो. चर्चच्या सभागृहातलं काम चाललेलं आहे, चहाची वेळ झाली आहे, मोठी किटली पुढ्यात आहे. थकलेली मिल्ड्रेड सहज बोलून जाते, की आपल्याला खरंच चहाची गरज आहे का? तिच्याबरोबरची बाई हबकते, दुखावते. जणू कोणी श्रद्धेच्या मुळावरच घाव घातला आहे. मिल्ड्रेड घाईघाईनं सावरून घेते आणि चहा होतो. पानभराचा हा प्रसंग. पण ज्या बायकांच्या आयुष्यात चहा करणं हेच त्यांच्या उपयोगाचं एकमेव प्रमाण उरलं आहे, त्यांना तो प्रश्न किती खोल लागत असेल, हे पिमनं एकही मोठा शब्द न वापरता दाखवलं आहे. मिल्ड्रेडनं लगेच माघार घेतली, यात तिचं शहाणपण आहे आणि दयाही.

पिमच्या वाट्याला आलेली उपेक्षाही सांगायला हवी. १९६३मध्ये तिच्या प्रकाशकानं नवी कादंबरी नाकारली. आता असं कोणी वाचत नाही, असं मानणारा तो काळ होता. पुढची चौदा वर्षं तिची एकही नवी कादंबरी निघाली नाही. लंडनमधल्या इंटरनॅशनल आफ्रिकन इन्स्टिट्यूटमध्ये संपादनाचं काम करत ती लिहीत राहिली. १९७७मध्ये ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’नं नामवंतांना विचारलं, की शतकातले सर्वांत उपेक्षित लेखक कोण? कवी फिलिप लार्किन आणि समीक्षक लॉर्ड डेव्हिड सेसिल या दोघांनीही तिचं नाव दिलं. त्याच वर्षी ‘क्वार्टेट इन ऑटम’ प्रसिद्ध होऊन बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आली. १९८०मध्ये ती वारली. तिला उणीपुरी तीन वर्षं मान मिळाला. शांत पुस्तकांना न्याय मिळायला किती वेळ लागतो, त्याचा हा दाखला आहे.

या परंपरेनं इंग्लंडची वेस ओलांडून आफ्रिका गाठली ती अलेक्झांडर मॅकॉल स्मिथच्या हातून. १९४८मध्ये आजच्या झिंबाब्वेतल्या बुलावायोत जन्मलेला हा लेखक एडिंबरात वैद्यकीय कायद्याचा प्राध्यापक होता आणि १९८०च्या दशकात बोत्स्वाना विद्यापीठात कायद्याचं शिक्षण उभं करायला गेला होता. १९९८मध्ये त्याची ‘द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी’ आली. गाबोरोन शहराजवळच्या टेकडीच्या पायथ्याशी प्रेशस रामोत्स्वे ही बाई देशातली पहिली महिला गुप्तहेर संस्था उघडते. कादंबरी सुरू होते ती संस्थेच्या मालमत्तेच्या यादीनं: एक छोटी पांढरी व्हॅन, दोन टेबलं, दोन खुर्च्या, टेलिफोन, जुना टाइपरायटर, एक चहाची किटली आणि तीन मग. एक स्वतःला, एक सेक्रेटरीला, एक अशिलाला. कपात असतो रॉयबॉस, दक्षिण आफ्रिकेतल्या सीडरबर्ग डोंगराळ भागात होणाऱ्या झुडपाचा तांबूस काढा. अशील दारात आला की त्याचं दुःख ऐकण्याआधी त्याच्या हातात तो तिसरा मग जातो. आल्यागेल्यासाठी मग आधीच मांडून ठेवला आहे, या एका तपशिलातून लेखकानं रामोत्स्वेबाईचा सगळा स्वभाव सांगितला आहे.

या बाईंचा भूतकाळ मात्र सुखाचा नाही. वडील दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबून फुप्फुसं खराब करून परतले. त्यांनी जोडलेली गुरं विकून आलेल्या पैशांतून तिनं धंदा काढावा, अशी त्यांची इच्छा होती. गुप्तहेर संस्था काढणार हे ऐकून ते काही बोलू पाहतात, आणि बोलणं पुरं होण्याआधीच प्राण सोडतात. नवरा तिला मारत असे. तिचं बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. हे सगळं पहिल्याच पुस्तकात आहे. तिची सेक्रेटरी मकुत्सी हिला सेक्रेटरियल कॉलेजात ९७ टक्के गुण मिळाले, तरी नोकऱ्या गेल्या दिसायला देखण्या मुलींना. दुसऱ्या पुस्तकात रामोत्स्वेबाई तिला साहाय्यक गुप्तहेराचा हुद्दा देते. पगारापेक्षा त्या हुद्द्यानं मकुत्सीची मान ताठ होते. कोणी म्हणतात, की ही आफ्रिकेची फार गोड केलेली प्रतिमा आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण एड्सनं पोखरलेल्या त्या काळाची सावली या पुस्तकांत आहे. अनाथ मुलांच्या आश्रमाच्या रूपानं ती सतत समोर असते, आणि तिथली संचालिका फ्रूटकेकच्या बळावर लोकांना मुलांच्या कामाला जुंपते.

भारतीय वाचकाला या पुस्तकांचे नातलग घरातच भेटतील. आर. के. नारायण यांचं मालगुडी १९३५च्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’पासून आपल्या ओळखीचं आहे, आणि दूरदर्शनवरच्या मालिकेनं ते ज्यांनी इंग्रजी वाचलं नाही त्यांच्याही घरी पोचलं. त्याच मालगुडीत घडणारी १९४५ची ‘द इंग्लिश टीचर’ ही नारायण यांच्या पत्नीच्या मृत्यूतून आलेली कादंबरी आहे. मराठीत चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे याच कुळातले. प्रकाश नारायण संतांचा लंपनही. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांतल्या लंपनच्या कथा सलग वाचल्या तर कादंबरीसारख्या उलगडतात. आजी-आजोबांच्या घरातली ती माया वाचत वाचत आपण ‘झुंबर’पाशी येतो आणि वडिलांच्या मृत्यूला सामोरे जातो. तो मृत्यू सोसवतो, कारण आधीच्या पानांनी आपल्याला त्या मुलाभोवतीची माणसं दिलेली असतात.

आता नव्या लाटेबद्दल. तोशिकाझू कावागुचीची ‘बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड’ मुळात नाटक होती. जपानीत कादंबरी २०१५मध्ये आली आणि इंग्रजी अनुवाद २०१९मध्ये. टोकियोतल्या एका तळघरातल्या कॅफेत ठरावीक खुर्चीवर बसलं की भूतकाळात जाता येतं. अट अशी, की कॉफी थंड होण्याआधी परतायचं, आणि तिथे काहीही केलं तरी वर्तमान बदलत नाही. एका परिचारिकेचा नवरा स्मृतिभ्रंशानं तिला विसरला आहे. ती त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून माहेरचं आडनाव लावून त्याच्याशी परक्यासारखी वागते. भूतकाळात जाऊन ती त्यानं लिहिलेलं पत्र आणते. मी विसरलो तरी माझ्याशी परिचारिका म्हणून नको, बायको म्हणून वाग, असं त्यानं मागितलेलं असतं. परत आल्यावर ती कॅफेतल्या सगळ्यांना सांगते, की मला पुन्हा त्याच्या आडनावानं हाक मारा. आजार तसाच राहतो. बदलतं ते तिचं वागणं.

या यशाच्या पाठोपाठ बाजारात सारख्या दिसणाऱ्या पुस्तकांची रीघ लागली आहे. मुखपृष्ठावर मांजर, खिडकीत दिवा, पुस्तकांचं दुकान, वाफाळता कप. त्यांतली बरीच पुस्तकं पोकळ आहेत, आणि ती पोकळ का वाटतात हे सांगता येतं. चांगल्या पुस्तकाला पैसा कुठून येतो हे ठाऊक असतं. मिस मॅटीचे तेरा पौंड, मिल्ड्रेडचं सामाईक न्हाणीघर, रामोत्स्वेच्या वडिलांची गुरं. पोकळ पुस्तकात दुकान आपोआप चालतं. चांगल्या पुस्तकात मोलकरीण, दुकानदार, शेजारीण यांना स्वतःची इच्छा असते, आणि मदत केल्यानं त्यांचं काहीतरी कमी होतं. पोकळ पुस्तकात ती सगळी नायिकेच्या सेवेला उभी असतात. चांगल्या पुस्तकात गेलेलं माणूस गेलेलंच राहतं. क्रॅनफर्डचा कॅप्टन ब्राउन रुळांवर आलेल्या लहान मुलाला वाचवताना रेल्वेखाली जातो, आणि पुढे कोणीही त्याची जागा भरत नाही. या तीन कसोट्या लावल्या की निवड सोपी होते.

वाचायची पद्धतही थोडी वेगळी ठेवावी लागते. या कादंबऱ्या पुढे काय होणार या उत्सुकतेवर चालत नाहीत, म्हणून भराभर पानं उलटणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. एका बैठकीला एक प्रकरण पुरे. कोण कोणाच्या घरी गेलं, काय घेऊन गेलं, कोणी काय बोलायचं टाळलं, इकडे लक्ष द्यावं. ‘एमा’मध्ये नाइटली आपल्याकडची शेवटची सफरचंदं मिस बेट्सच्या घरी पाठवतो, स्वतःच्या घरात त्या हंगामात सफरचंदाचा टार्ट होणार नाही, हे आपल्याला कळतं ते ओझरत्या गप्पांतून. घाईत वाचणारा ते वाक्य ओलांडून जातो आणि नाइटली कोण आहे हे त्याला फार उशिरा समजतं.

आपल्याकडे गंभीर साहित्य म्हणजे दुःखाचं साहित्य, अशी समजूत रुजलेली आहे. दुःख दाखवणारे मोठे लेखक मराठीला लाभले, याचा अभिमान बाळगावा. पण माणूस संकटात असताना त्याच्या दाराशी कोण उभं राहिलं, काय बोललं आणि काय न बोलता करून गेलं, हे लिहिणं तितकंच कठीण आहे, आणि तितकंच खरं. चांगुलपणा खोटा न वाटता पानावर उतरवायला फार पक्की लेखणी लागते. ऑस्टिन, गॅस्केल, पिम यांच्याकडे ती होती.

वाचकाला माझी विनंती एवढीच, की सुरुवात ‘क्रॅनफर्ड’पासून करा. सोळाच प्रकरणं आहेत. जुन्या इंग्रजीची पहिल्या दोन प्रकरणांत थोडी अडचण वाटेल, तेवढी सोसा. ते आवडलं तर ‘एक्सलंट विमेन’ घ्या, मग रामोत्स्वेबाईकडे जा, आणि ‘एमा’ सर्वांत शेवटी, सावकाश वाचा. एखादं पुस्तक मनाला भावलं तर ते एकट्यापाशी ठेवू नका. जिला किंवा ज्याला त्याची गरज आहे असं वाटतं, त्याच्या हाती द्या.